गाडी उघडी नको

फाटकातून आत आले की ते आधी गाडीच्या बोनेटवर तळवा ठेवत. इंजिन गरम आहे का, ते बघायला नव्हे. बैलाच्या पाठीवर हात ठेवतात तसा नुसता ठेवत. मग टायरांवर एक नजर, मागच्या काचेवरच्या धुळीत एक बोट, आणि त्यानंतर माझा नंबर. "कसं काय, ताई?" हा प्रश्न गाडीला विचारून झालेला असे, मला तो फक्त ऐकू येई.

पुढचं वाक्यही ठरलेलं. पिशवीतून कागद निघत, माझ्यापुढे येत, आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असे. "तुम्ही फक्त सही करा. बाकीचं माझ्याकडं." मी सही करत असे. नववीच्या पोरांना दरवर्षी ग्राहकाचे हक्क शिकवणारी, न वाचता सही करू नये हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देणारी मी, सहा वर्षं फुलीवर सही करत आले. यावरून माझ्याबद्दल काय समजायचं ते तुम्ही समजा.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत त्यांना सगळे विमावाले भाऊ म्हणत. खरं नाव पॉलिसीच्या कागदावर छापलेलं असायचं, पण तो कागद कुणी वाचलाच नव्हता. मूळचे निफाडकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात वीस वर्षं टर्नर होते. एक दिवस कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं आणि त्यांनी विम्याची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. हे ते स्वतःच सांगत, वर "दोनदा वाचलं म्हणून पक्कं झालं" असंही म्हणत. चहा कुणाकडे घेत नसत. चहा घेतला की माणूस बसतो आणि बसला की पुढच्या दारची गाडी राहते, असा त्यांचा हिशोब होता.

विम्याची मुदत संपलेल्या गाडीला ते 'उघडी' म्हणत. दोन दिवसांचं मूल अंगावर काही न घालता अंगणात ठेवावं, तेवढी काळजी त्या शब्दात असे. "गाडी उघडी नको, ताई" म्हणत ते मुदतीच्या आधीच सगळं करून टाकत आणि नवी पॉलिसी मात्र दसऱ्याला हातात देत. त्या दिवशी स्कूटरला दोन्हीकडे पिशव्या, त्यात झेंडूच्या माळा. माळा त्यांच्या बायकोने पहाटे उठून ओवलेल्या. आमच्या गल्लीतल्या सहा-सात गाड्या त्यांच्याकडे होत्या. प्रत्येक गाडीला कुंकू, माळ, आणि मालकाच्या हातात आपट्याच्या पानांबरोबर पॉलिसी. आमची गाडी दसऱ्यालाच घेतलेली, कागदही दसऱ्यालाच येणार, त्यामुळे आमच्या गाडीचं वर्ष दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत असतं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

गाडी आमच्या ह्यांनी अकरा वर्षांपूर्वी हौसेने घेतली होती, विमा पहिल्यापासून भाऊंकडेच. पाच वर्षांनी ते अचानक गेले. तेराव्यानंतर विमावाले भाऊ आले, बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि घरात न येताच निघून गेले. पुढच्या आठवड्यात फॉर्म घेऊन आले. गाडी माझ्या नावावर करायची होती. पेठ रोडच्या आरटीओत ते माझ्यासाठी किती वेळा गेले, मला माहीत नाही. मी एकदाच गेले, तेही त्यांनी सांगितलं म्हणून. त्या दिवसांत मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. फुली दिसली की सही करायची, एवढंच येत होतं. त्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी जे केलं, ते माझ्या सख्ख्या भावाने केलं नाही.

पण खरं सांगते, अशा माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणता येत नाही याचाच हळूहळू राग यायला लागतो. बॅटरी कधी बदलायची ते भाऊ सांगणार. सर्व्हिसिंग कुठे करायचं ते भाऊ ठरवणार. मी एकदा सीटना लाल कव्हरं घातली तर "साहेबांना लाल आवडलं नसतं" म्हणाले. ते खरंही होतं, म्हणून तर जास्त लागलं. गाडी त्यांची आणि मी पगारी ड्रायव्हर, असं वाटायला लागलं होतं.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या मॅडमनी एक दिवस स्टाफरूममध्ये मोबाइल पुढे धरला. त्यांनी गाडीचा विमा थेट कंपनीकडून घेतला होता, डबा खाता खाता. स्वस्तही पडला होता. मधला माणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं. वाचलेल्या पैशांचा आनंद मला झालाच, पण त्याहून जास्त झाला तो यापुढे कुणी येणार नाही याचा. मी तिथेच ठरवलं. वाक्यही तयार केलं: "भाऊ, या वर्षी मी कंपनीकडून डायरेक्ट घेणार आहे." साठ पोरांना नुसत्या नजरेने गप्प बसवणारी बाई मी. हे एवढंसं वाक्य आरशासमोर म्हणून बघत होते.

श्रावणातल्या एका शनिवारी ते आले. बोनेटवर हात ठेवला आणि आत येऊन खुर्चीवर बसले. चहा टाकता का, म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चहा मागितला आणि माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

चहा येईपर्यंत ते छताकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं ते असं. लोक आता मोबाइलवरच विमा काढतात. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गेली, कुणी सांगून, कुणी न सांगता. कंपनीचं पत्र आलं होतं. मार्चपर्यंत ठरलेल्या पॉलिस्या भरल्या नाहीत तर त्यांचा एजंट कोड बंद होणार होता.

"कारखाना बंद पडला तवा गेटवर ओळखपत्र जमा करून घेतलं," ते म्हणाले. "त्या दिवशी घरी चालत आलो. वाटत व्हतं, कोणी विचारलं कोण तुम्ही, तर काय सांगू? मग हा कोड मिळाला. आता हा गेला तर परत तेच, ताई." रडका सूर अजिबात नव्हता, माझ्याकडे काही मागतही नव्हते. "यंदा मोजून चाललोय. तुमच्यासारखी धा-बारा घरं हायेत, ती धरली की काठावर बसतंय."

आता तुम्हीच सांगा. शहाण्या माणसाने इथे गप्प बसायचं, फुलीवर सही करायची आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचं. किंवा धीर करून खरं बोलायचं. मी दोन्ही केलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, मी गाडी विकतेय." हे कुठून आलं, मला आजही माहीत नाही. गाडी विकायचा विचार मी स्वप्नातही केला नव्हता.

त्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा राहिला. बाहेर जाऊन गाडीजवळ उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "साहेबांची गाडी," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक मी बघतो. कुणाच्याही गळ्यात नको जायला."

आणि बघितलंच त्यांनी. आठ दिवसांत फोन आला की निफाडचे एक द्राक्षबागायतदार, त्यांचा भाऊ आणि एक मेकॅनिक असे तिघं गाडी बघायला यायला निघालेत. माणसं सरळ आहेत, भावही चांगला देतील. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, कालच विकली." त्यांनी बरं झालं म्हटलं आणि त्या तिघांना परत पाठवलं.

विकलेली गाडी दारात उभी राहू शकत नाही. त्याच संध्याकाळी मी ती पाथर्डी फाट्याला गणिताच्या मॅडमच्या इमारतीत नेऊन लावली. दुसऱ्या दिवसापासून माझा दिनक्रम असा झाला: सकाळी रिक्षाने पाथर्डी फाट्याला जायचं, तिथून गाडीने पंचवटीत शाळेत, परत येताना गाडी फाट्याला लावायची आणि रिक्षाने घरी यायचं. स्वस्तातला विमा घ्यायला निघालेली बाई रोज दोन रिक्षांचं भाडं देत होती. शेजारच्या काकूंना गाडी गॅरेजला आहे असं सांगितलं. दोन आठवड्यांनी त्यांनी विचारलं, एवढं काय झालंय तिला? मी म्हटलं, पार्ट मिळत नाहीये.

एकदा मुंबई नाक्याच्या सिग्नलला तीन गाड्या पुढे त्यांची स्कूटर दिसली. मी ओढणी डोक्यावरून घेऊन खाली वाकले. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी आपली स्टिअरिंगखाली पडलेलं काहीतरी शोधतेय. स्वतःच्या गाडीत चोरासारखी बसले होते. रविवारी बाहेर पडणं बंद केलं. कॉलनीतल्या वाण्याकडे जायचं तर आधी गॅलरीतून स्कूटर बघायची. खरं सांगायला रोजच वाव होता, आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा अवघड होत होतं.

मधे त्यांचा एक फोन आला. ज्याने गाडी घेतली त्याला माझा नंबर देता का, म्हणाले. गाडी चांगली आहे, नव्या माणसाला तारखा माहीत नसतात. मी देते म्हटलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी हॉलचा पडदा ओढून मोबाइल घेऊन बसले. गाडीचं वर्ष आज संपणार, म्हणजे आजच विमा काढायचा. बाहेर गल्लीत त्यांची स्कूटर आलेली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गाडीला माळ घालून झाली असावी, डॉक्टरांचं हसणं ऐकू आलं. मी कंपनीच्या ॲपवर जुना पॉलिसी नंबर टाकला. नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं आलं. मी वाट पाहिली. काही आलं नाही. 'पुन्हा पाठवा' दाबलं. आलं नाही. तिसऱ्यांदा दाबलं.

मग फोनच वाजला. पडद्याच्या फटीतून दिसलं, समोरच्या ओळीतल्या तिसऱ्या फाटकाशी ते उभे होते. मनगटावर माळा, चष्मा कपाळावर, फोन कानाला.

"ताई, गाडीचा ओटीपी माझ्याकडं येतोय," ते म्हणाले. "तीनदा आला."

मी पडद्यामागे सरकले.

"साहेब गेले तवा तुम्ही फोन उचलत नव्हता ना, म्हणून कंपनीत माझाच नंबर टाकला व्हता. नंतर बदलायचा राहून गेला." चूक त्यांचीच असल्यासारखं सांगत होते. मग म्हणाले, "म्हंजी गाडी हाये."

"आहे," मी म्हटलं. "पाथर्डी फाट्याला."

"आन् डायरेक्ट घेताय."

हा प्रश्न नव्हताच. मी हो म्हटलं. आता ऐकवतील, या कल्पनेने मी डोळे मिटून घेतले. त्यांनी विचारलं ते भलतंच. मधल्या दिवसांत गाडी चालवत होता का? मी म्हटलं, रोज.

"ताई, मुदत संपून अठरा दिवस झाले."

"पण दसरा तर आज..."

"दसरा तिथीनं येतो. पॉलिसी तारखेनं संपती. यंदा अधिक महिना व्हता, दसरा पुढं गेला. तारीख कागदावर लिहिलेली असती, ताई. विकली म्हणाला म्हणून मी सोडली, नायतर सोडली असती का?" आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा त्यांचा आवाज चढला. "डायरेक्ट घ्यायची तर घ्यायची. पण अठरा दिवस उघडी फिरवली तुम्ही. एखादं पोर आडवं आलं असतं म्हंजी?"

भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात अधिक महिना ठळक छापलेला होता. मी त्यातले उपासही धरले होते.

ते शांत झाले. "लिहून घ्या आकडे," म्हणाले. "हा ओटीपी पण जाईल नायतर." त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. खंड पडलाय म्हणून कंपनी गाडीचा व्हिडिओ मागेल, नंबर प्लेट पुसून घ्या, उजेडात काढा, तेही सांगितलं. आणि सगळ्यात आधी मोबाइल नंबर बदलून तुमचा टाका, म्हणाले.

ते माझ्यापासून वीस पावलांवर उभे होते. खिडकी उघडून एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, राहू द्या, तुम्हीच काढा. त्यांच्या मोजणीत माझी एक पॉलिसी धरलेली होती हे मला पूर्ण माहीत होतं. तरी मी ते सहा आकडे टाकले. मला त्या घटकेला फक्त सुटायचं होतं. माणूस अडकला की किती क्षुद्र होतो, हे मला त्या दिवशी स्वतःकडे बघून कळलं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि त्या घरच्या गाडीला माळ बांधली. मग स्कूटर ढकलत पुढच्या फाटकाकडे गेले. आमच्या फाटकावरून जाताना थांबले नाहीत. मी पाथर्डी फाट्याला जाऊन व्हिडिओ काढला. कंपनीने तो दोनदा परत पाठवला.

एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंकडून कळलं की विमावाल्या भाऊंचा कोड बंद झाला. काकूंच्या गाडीची मुदत जवळ आली म्हणून काकूंनी भाऊंना फोन केला, तर आता माझ्याकडून होणार नाही, असं ते म्हणाले. एकच पॉलिसी कमी पडली की पंधरा, हे मी कधीच विचारलं नाही. पंधरा असतील अशी आशा करते. गाडी केव्हाच घरी आणली होती. तिच्याकडे बघायला नको वाटायचं.

मे महिन्यात एका दुपारी ते दारात उभे. हातात पिशवी नव्हती. बायकोला घेऊन गावाला जायचं ठरलं होतं, भावाच्या बागेत काम बघणार होते. जायच्या आधी एक काम होतं.

"स्कूटरची मुदत संपतीय," ते म्हणाले. "आतापर्यंत माझ्याच कोडवर काढायचो. तुम्हाला डायरेक्ट जमतं, म्हणून आलो."

टोमणा आहे का म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नव्हता. त्यांना खरोखर स्कूटरची काळजी होती. तो टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्यांना शेजारी बसवलं आणि फॉर्म उघडला. आयुष्यात पहिल्यांदा विम्याच्या फॉर्मची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. ते मान डोलवत होते, मधेच एखादा शब्द समजावून देत होते. हे घ्या, हे नको, हे उगाच टाकतात. इतकं त्यांना येत होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. गाडीचा नंबर झाला, नाव झालं, पत्ता झाला. त्याखाली एक रकाना होता, एजंट कोड.

मी वाचायच्या आतच ते बोलायला लागले. अक्षरं आणि आकडे, न थांबता, मान वर न करता. माझी बोटं टाइप करत गेली. शेवटचा आकडा पडला आणि खाली लाल ओळ आली: हा कोड अस्तित्वात नाही.

त्यांनी चष्मा लावला, वाकून ती ओळ वाचली. परत एकदा वाचली.

"रिकामं सोडलं तरी चालतं ते," ते म्हणाले.

मी एकेक अक्षर पुसलं. फॉर्म काही न विचारता पुढच्या पानावर गेला.